जुनी वेल आणि जुना रातांबा

परदेशाहून आलेल्या तांबड्या वाइनच्या बाटलीवर 'जुन्या वेलींची' असे शब्द दिसले की आमच्या सुशिक्षित गृहस्थांचा स्वर एकदम आदराचा होतो. हा आदर अनाठायी आहे असे आमचे म्हणणे नाही. जुनी वेल फळ थोडे देते. पण त्या थोड्या द्राक्षांचा रस बहुधा दाट उतरतो, आणि कुशल हाती त्याची सौम्य, डौलदार वाइन होते. आमची तक्रार निराळी आहे. हाच गृहस्थ दापोलीजवळच्या मुरुडास आपल्या घरी गेला म्हणजे आजोबांच्या वेळचा परसातील रातांबा त्यास निव्वळ अडचण वाटतो, आणि पर्यटकांच्या खोल्यांसाठी त्यावर कुऱ्हाड घालावयास सांगताना त्याची जीभ अडखळत नाही!

कोणी म्हणेल, वय हा काही गुण नव्हे. अगदी खरे. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्याच्या लोकांनी पोकळ बढाईवर न विसंबता २००९ साली वेलींच्या वयाची सनद केली आणि ३५, ७०, १०० व १२५ वर्षे अशा पायऱ्या ठरविल्या. २०२४ साली आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही, ज्या वेलीचे ३५ वर्षांचे वय कागदोपत्री सिद्ध आहे तीसच जुनी म्हणावे, असा ठराव केला. तेथे वयाचा अभिमान दप्तरात उतरला. आमचा अभिमान जिभेवरच राहिला.

रातांब्याची योग्यता काय कमी आहे? बियांपासून उगवलेल्या झाडास फळ धरावयास सात-आठ वर्षे लागतात. त्यांतही पुष्कळशी झाडे नर निघतात. जी फळतात त्यांत एकाचा आंबटपणा, आकार, रंग दुसऱ्यासारखा नसतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठाने 'कोकण अमृता' ही जात अशाच वैविध्यातून निवडून काढली. तेव्हा पारखण्यापूर्वीच तोडलेल्या झाडाबरोबर काय गेले, हे कोणासही कधी कळणार नाही.

अण्णासाहेब कर्व्यांनी ज्या गावासाठी 'मुरुड फंड' उभारला, त्या गावास जुन्या रातांब्यांची एक वही घालणे जड का जावे? झाड कोठे आहे, कोणी लावले, फळ कसे आहे, एवढेच लिहावयाचे. मग आगळाच्या बाटलीवर झाडाचे वय छापा आणि निःसंकोच दोन पैसे अधिक मागा. परक्या वेलीच्या म्हातारपणास जो नमस्कार करतो, त्याने घरच्या झाडाचे मोल द्यावयास कुरकुर करू नये.