शुद्ध कंपनांची किंमत

रडार, उपग्रह-संदेशन आणि दूरध्वनी यांच्या मुळाशी एकच गरज असते : ठरल्या वारंवारितेपासून न ढळणारे कंपन. प्रत्यक्षात कोणताही आंदोलक पूर्णतः नियमित नसतो. एखादे आवर्तन क्षणांशाने आधी येते, एखादे उशिरा. या सूक्ष्म थरथरीस ‘फेज नॉइज’ म्हणतात. डोंगर-इमारतींवरून परतणारा जोरकस प्रतिध्वनी ही थरथर घेऊन येतो आणि मंद गतीने जाणाऱ्या लहानशा लक्ष्याचा क्षीण प्रतिध्वनी तिच्यात बुडून जातो. म्हणजे कंपनांची शुद्धता हा केवळ प्रयोगशाळेतील काटेकोरपणाचा विषय नव्हे.

आजवर ही गरज मुख्यतः क्वार्ट्झ स्फटिकाने भागविली. परंतु त्याच्या १० मेगाहर्ट्झ कंपनांवरून १० गिगाहर्ट्झ मिळवायचे, तर वारंवारिता हजारपट होताना गोंगाटाची शक्ती दहा लाख पटींनी वाढते. या अडचणीवर १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत स्टीव्ह याओ व लुट मालेकी यांनी प्रकाशाचा मार्ग शोधला. लेसरच्या प्रकाशावर विद्युतकंपने आरूढ करून तो कित्येक किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून न्यावयाचा, शेवटी त्याचे पुन्हा विद्युतसंकेतात रूपांतर करून, गाळून व वाढवून, तो आरंभस्थानी परत पाठवावयाचा. तंतूत प्रकाशाचा ऱ्हास अत्यल्प असतो. प्रत्येक किलोमीटरला तो सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. संकेत जितका अधिक काळ साठविला जाईल, तितकी कंपने शुद्ध.

मात्र फुकट काहीच मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो. तंतू १० किलोमीटर लांब केला की सुमारे २० किलोहर्ट्झच्या अंतराने असंख्य शेजारी वारंवारिता डोके वर काढतात. त्यांना आवरण्यासाठी वेगळ्या लांबीचे दुसरे वेटोळे जोडावे लागते. दोन्ही वेटोळ्यांना मानवेल तेच कंपन टिकते. शिवाय तापमान एका अंशाने बदलले, तरी १० गिगाहर्ट्झचे कंपन सुमारे ७० किलोहर्ट्झने सरकू शकते. क्षणाची शुद्धता आणि दीर्घकाळचे स्थैर्य हे दोन निराळे गुण आहेत. पहिला तंतूच्या लांबीतून मिळतो. दुसऱ्यासाठी तापमाननियंत्रण आणि एखाद्या स्थिर घड्याळाशी सांगड लागते. ही सारी कामे चिकाटीची व खर्चाची आहेत. त्यांचा नफा लगेच दिसत नाही.

म्हणूनच हा प्रश्न केवळ बाजारावर सोपविता येत नाही. फेज नॉइज अल्प असलेली संकेतजनक उपकरणे वासेनार कराराच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहेत. ती हवी तेव्हा हवी तशी मिळतीलच, ही खात्री कोणी द्यावी? आपल्या दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहातील आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ साली उघड झाले. देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ अवकाशात गेले ते २९ मे २०२३ रोजी, एनव्हीएस-०१ उपग्रहातून. अशी उपकरणे गरज भासताच तयार होत नाहीत. त्यांची तयारी आधीच्या अनेक वर्षांत व्हावी लागते.

प्रकाशतंतू छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांत तयार होतो. त्या तंतूतून अचूक कंपन घडविणारे संशोधन सार्वजनिक प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत दीर्घकाळ, अखंड निधीने चालावयास हवे. दरवर्षी अनुदानाचा नवा अर्ज करावा लागणारे संशोधन आंदोलकाला स्थैर्य कोठून देणार? त्यासाठी आधी धोरणातच स्थैर्य हवे.