जुनं ते चालू : आवाज मोठा, शब्द गायब



गेल्या खेपेला आजीच्या शिवणयंत्राबद्दल लिहिलं, तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, "आणि तुमच्या त्या झेनचं काय?" म्हणून या वेळी झेन. खरं सांगायचं तर झेनच्या निमित्ताने बाबा.

आमची झेन 2003 ची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमची दोनदा वाढवून झाली. इंदूरच्या रस्त्यावर ती आता लहान मुलाच्या खेळण्यासारखी दिसते, पण बाबांना दुसरी गाडी नको. आता चालवते मी. बाबा शेजारी, आई मागे.

गाडीत बाबांनी हौसेने लावलेला कॅसेटचा टेप होता. पुढच्या दारांत चार इंची स्पीकर आणि मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे दोन ओव्हल. त्या काळी ज्याच्या गाडीला ओव्हल, तो शौकीन! पण टेपने दोन वर्षांपूर्वी शेवटची कॅसेट गिळली आणि पुढच्या स्पीकरचे कागद उन्हाने पापडासारखे झाले. बाबांच्या वाढदिवसाला मी ठरवलं, गाडीला नवा डेक घ्यायचा.

इथे मी पहिली चूक केली. दुकानात गेले आणि दुकानदाराला ठरवू दिलं. तो माझ्याशी बोलायचं सोडून सोबत आलेल्या माझ्या धाकट्या भावाकडे बघून विचारत होता, "भिया, बेस चाहिए ना?" भावाने मान हलवली. तासाभरात गाडीत ब्लूटूथचा डेक, मागे नवे ओव्हल आणि डिकीत एक भलीमोठी बेस ट्यूब. गाडी सुरू केली की आरसा थरथरायचा. भाऊ खूश. मीही खूश.

त्या रविवारी आम्ही देवासला निघालो, टेकरीवर माताजीच्या दर्शनाला. इंदूरहून देवास जेमतेम तासाभराचा रस्ता, आणि आमच्या घरात त्या रस्त्याचं गाणं ठरलेलं : कुमार गंधर्व. क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी 1948 मध्ये कुमारजी देवासला आले आणि 1992 पर्यंत, अखेरपर्यंत, तिथेच राहिले. टेकरीच्या पायथ्याशी त्यांचं 'भानुकुल' आहे. तरुणपणी बाबांनी त्यांना समोर बसून ऐकलंय. एका तानेवरून "हे कुमारजी" असं सांगणारा माणूस.

मी निर्गुणी भजन लावलं. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तानपुरा घेतलाच नाही का यांनी?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी आवाज वाढवला. बाबांनी कपाळाला आठी घातली.

"अगं, आवाज मोठा आहे, पण शब्द कुठे आहेत? कबीर आहे ना हा? शब्दच नाहीत तर कबीर कसला!" थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर. आपण बोलत जाऊ."

मी बंद केलं. पण बोलणंही झालं नाही. मी काही विचारलं की बाबा "हो, हो" म्हणायचे, आणि मागून आई तेच वाक्य पुन्हा सांगायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली दोन-तीन वर्षं आमच्या घरात आईच सबटायटल झाली आहे. फोन आला की ती सांगते, पाहुणे बोलले की ती सांगते. आणि बाबा, जे समाजाच्या गणेशोत्सवात सगळ्यांच्या आधी दाद द्यायचे, ते हल्ली मागच्या खुर्चीवर बसून लवकर घरी निघतात.

टेकरीवरून परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

कानांची तपासणी करायला बाबा सहज तयार झाले नाहीत. "मला ऐकू येतं. तुम्ही लोक पुटपुटता," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी आई म्हणाली, "मला मधुमेहाच्या तपासणीला जायचंय, तुम्ही सोबत चला आणि तिथेच कान दाखवा." गेले.

तपासणीचा आलेख बघितला आणि मला माझी बेस ट्यूब आठवली. रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांपाशी, जवळजवळ ठीक. उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांकडे जाताना, घसरगुंडीसारखी खाली. दोन्ही कानांची तशीच. ऑडिओलॉजिस्टबाईंनी समजावलं की वय झाल्यावर ऐकणं साधारण असंच कमी होतं, आधी वरचे स्वर जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, अ, आ, ओ यांत, आणि तो खालच्या भागात असतो. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो. स, श, फ, त यांचा आवाज बारीक आणि उंच, 3000-4000 हर्ट्झ आणि त्याच्याही वर. ते गेले की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

म्हणजे बाबा खरंच बोलत होते. आवाज मोठा, शब्द गायब. आणि तानपुऱ्याची जवारी, ती झणझण, तीही वरच्या स्वरांच्या घोळक्यातच राहते.

आता माझी करामत बघा. ज्या माणसाला खालचे स्वर पुरेसे ऐकू येत होते, त्याला मी आणखी ढोल दिला. खालचे जोरकस स्वर वरच्या बारीक स्वरांना झाकून टाकतात, हे गुण सगळ्यांच्याच कानांचे आहेत. त्यातून ओव्हल मागच्या ट्रेवर. त्यांतून जे काही बारीक निघायचं ते पुढच्या सीटच्या पाठीला आणि हेडरेस्टला अडायचं.

एवढ्यावर थांबलं नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली आणि तिसऱ्या दिवशी सेल्फच लागेना. मी आमच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना बोलावलं. त्यांनी डेक बाहेर ओढला आणि हसले. लाल आणि पिवळी तार एकत्र पिळून ठेवली होती. पिवळी तार बॅटरीतून कायम येते, डेकची आठवण सांभाळायला. लाल चावीवरून येते, चालू-बंद करायला. दोन्ही जोडल्या की चावी काढली तरी डेक जागा, आणि त्याच्या मागोमाग डिकीतला अँप्लिफायर जागा. आमची बॅटरी 35 अँपिअर-तासांची. अर्धा अँपिअर जरी गळत राहिला तरी 48 तासांत 24 गेले. मग सेल्फ कशाच्या जिवावर फिरणार?

मग मी दोन रविवार चाचांच्या हाताखाली बसले. तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं, गाडीच्या मूळ तारा कापू द्यायच्या नाहीत. बहुतेक मॉडेलचा तयार कपलर मिळतो. एका बाजूने गाडीच्या तारांत बसतो, दुसऱ्या बाजूने डेकच्या. डेकच्या तारांचे रंग साधारण ठरलेले असतात. काळी अर्थ. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असली तर ती त्या स्पीकरची उणे बाजू. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, तिथे मल्टीमीटर लावायचा, अंदाज नाही.

दुसरं, स्पीकरची अधिक-उणे बाजू तपासायची. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावायचा. अधिकला अधिक लागलं तर पडदा बाहेर येतो. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर गाणं बिघडत नाही, पोकळ होतं, गायक कुठून गातोय ते कळत नाही. आमचा एक उलटाच होता.

तिसरं, खोक्यावरच्या वॅटला भुलायचं नाही. आमच्या डेकवर लिहिलंय 50 गुणिले 4, म्हणजे 200. मागे फ्यूज आहे 10 अँपिअरचा. इंजिन चालू असताना साधारण 14 व्होल्ट मिळतात. 14 गुणिले 10, झाले 140. जे आत येतच नाही ते बाहेर कुठून येणार? सतत मिळणारी ताकद बघायची, ती 'आरएमएस' म्हणून लिहिलेली असते. अशा डेकला ती एका स्पीकरमागे 15-20 वॅट असते आणि छोट्या गाडीत तेवढी भरपूर होते.

चौथं, आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं : पैसे पुढे खर्च करायचे. बेस ट्यूब भावाच्या मित्राने नेली. ओव्हल राहू दिले, पण फेडर जवळजवळ पूर्ण पुढे आणला. पुढच्या दारांत कंपोनेंट स्पीकर बसवले. त्यांत बारीक आवाजाचा ट्विटर वेगळा येतो. तो आम्ही बाहेरच्या आरशाच्या आतल्या कोपऱ्यात, कानांकडे तोंड करून लावला. नव्या गाडीत खिडकीशेजारच्या खांबांवर काही लावण्याआधी तिथे एअरबॅग नाही ना ते नक्की बघा. आमच्या झेनला ती चिंताच नाही.

पाचवं, दार. दाराचा पत्रा म्हणजे डबा. त्यावर आतून डॅम्पिंगची चिकट शीट लावली, खिडक्यांची कडक झालेली रबरी बीडिंग बदलली. रस्त्याची घरघर बरीचशी खालच्या स्वरांची असते, ती कमी झाली की आवाज वाढवण्याची गरजच कमी होते.

स्पीकर, शीट, बीडिंग आणि चाचांची मजुरी धरून पहिल्या खेपेच्या निम्मेही लागले नाहीत.

शेवटी सेटिंग. बेस तीन घरं खाली, ट्रेबल तीन घरं वर. बाबा डावीकडे बसतात, डावा स्पीकर त्यांच्या गुडघ्याशी, म्हणून बॅलन्स दोन घरं उजवीकडे. ट्रेबल मी आधी पाच घरं चढवला होता. मागून आई म्हणाली, "कानाला टोचतंय गं." तेव्हा तीनवर तडजोड झाली. गाडी चौघांची असते, हे विसरायचं नाही.

पुन्हा देवासचा रस्ता. तेच भजन. आवाज आधीच्या निम्मा असेल. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी काही विचारलं नाही. अंतरा आला, गेला. मग त्यांनी बोट वर केलं, पूर्वी बैठकीत करायचे तसं.

"मागे घे जरा."

कॅसेट असती तर बटण दाबून मागे घेतली असती. पेनड्राइव्हवर मला ती जागा सापडेना, म्हणून भजन पहिल्यापासून लावलं. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "तानपुरा आहे की."

एवढंच. पुढे टोलनाक्यापर्यंत ते आईला सांगत होते की कुमारजी तानपुरे जुळवायला किती वेळ घ्यायचे आणि लोक तेवढंच ऐकायला कसे लवकर येऊन बसायचे. आईने हे शंभरदा ऐकलंय. त्या दिवशी ती मध्ये एकदाही बोलली नाही.

हे वाचून कुणी असं समजू नये की चांगले स्पीकर लावले की कानाचं काम झालं. गाडीतून उतरलं की बाबांचे कान तेच होते. फरक एवढाच पडला की आपलं काय हरवलंय ते त्यांना स्वतःच्या कानांनी कळलं. आम्ही वर्षभर जे सांगत होतो ते त्या तानपुऱ्याने एका फेरीत पटवलं. पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, "त्या बाईंकडे ते मशीन लावून तरी बघू." आता दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. अजून कुरकुर चालते, भांड्यांचा आवाज फार येतो म्हणतात. पण फोन स्वतः घेतात.

आणि तुम्हा हेडफोनवाल्यांना एक सांगायचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी दिलेली मर्यादा आहे आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. उंच स्वरांचे तंतू एकदा गेले की परत येत नाहीत, त्यांचा कपलर बाजारात मिळत नाही.

जुना टेप मी फेकला नाही. मूळ तारांसकट फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. त्याच्या पोटात ती शेवटची कॅसेट अजून अडकलेली आहे. चाचा म्हणतात, निघेल. पुढच्या खेपेला तेच बघू.