बोलण्याचा उपचार महापालिकेच्या दवाखान्यात हवा

‘चांगला विचार कर’ हा सल्ला नैराश्यातल्या माणसाला घरोघरी मिळतो. कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, ही त्याचीच महागडी आवृत्ती, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. ‘माझं काहीच धड होत नाही’ असे मनात आले, की सीबीटीत ते वहीत लिहायचे, बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडायचे आणि ते कितपत खरे आहे, हे तपासायचे. दुसरा भाग वर्तनाचा. उत्साह येण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती ठरवायची: आंघोळ, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चक्कर, बहिणीला फोन. अंथरुणात पडून राहिल्याने मन आणखी खचते. ते चक्र कृतीने तुटते.

पुण्यात हा उपचार प्रामुख्याने दर आठवड्याला फी भरू शकणाऱ्यांनाच मिळतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला फीही परवडत नाही आणि खाडाही.

‘तेवढे तज्ज्ञ कुठून आणायचे?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तिथे ‘संगाथ’ संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. नैराश्य सौम्य नव्हते. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत ६ ते ८ सत्रे मिळाली, मुख्यतः वर वर्णन केलेल्या वर्तनाच्या भागाची. ती घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

सगळ्यांना एवढ्यावर भागणार नाही. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञच हवा (टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र सुरू असतो), आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पण पुणे महापालिकेच्या दवाखान्यांत असे समुपदेशक नेमायला अडचण कसली? हे काम आशाताईंच्या डोक्यावर मात्र टाकू नये. त्यांच्याकडे आधीच बरेच आहे. स्वतंत्र पदे हवीत, पगारी. आणि गोव्यातली एक गोष्ट काटेकोरपणे उचलावी: तिथे सत्रांचे ध्वनिमुद्रण होई आणि समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसून ते ऐकत, एकमेकांच्या चुका दाखवत. आपल्याकडे तीन दिवसांचे शिबिर, प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र झाले की योजना संपते. अंदाजपत्रकात प्रशिक्षणाइतकीच तरतूद या साप्ताहिक बैठकीसाठी करावी लागेल.