बीटवरून वरच्या खुर्चीपर्यंतचा जिना कोठे आहे?



वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांतून हल्ली एक नवे स्वप्न विकले जाते. हिरवा गणवेश, जीपगाडी, मागे डोंगर, आणि खाली मजकूर की वनसेवेत या, कर्तृत्व दाखवा, खात्याच्या सर्वोच्च नेतृत्वापर्यंत पोचा. आमच्या ट्रॅकमनच्या, पॉइंट्समनच्या, पोस्टमनच्या घरात हा मजकूर वाचला जातो. मुलगा बारावी सायन्स झालेला असतो, पहाटे उठून पळण्याचा सराव करीत असतो. तो वनरक्षक भरतीचा अर्ज भरतो, लेखी देतो, धावतो, आणि शेवटी चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवतो. मुलगी असेल तर १६ किलोमीटर. चार तासांत २५ किलोमीटर चालणाऱ्या या माणसाला पुढे नोकरीत दोन पायऱ्या चढायला किती वर्षे लागतात, हे मात्र त्या पुरवणीत छापलेले नसते.

कोणी विचारील, रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानावर या रानावनाचे काय काम? काम आहे. एक तर ती मुले आपली आहेत. दुसरे, खालच्या माणसाने राबायचे आणि वरच्या खुर्चीवर परीक्षा देऊन बाहेरून आलेल्याने बसायचे, हा खेळ आपण आपल्या खात्यांत जन्मभर पाहिला आहे. वनखात्यात तो अधिक जुना आहे, अधिक निर्लज्जही आहे.

त्याचे मूळ पाहू. ब्रिटिशांनी १८६४ साली वनखाते काढले आणि डिट्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाला पहिला महानिरीक्षक नेमले. १८६७ पासून वरिष्ठ वनसेवेसाठी साहेब लोक निवडले जाऊ लागले. त्यांचे शिक्षण फ्रान्स-जर्मनीत व पुढे इंग्लंडमध्ये होई. एतद्देशीयांसाठी १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली, ती मुख्यतः रेंजर तयार करण्यासाठी. म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन दारे. एका दारातून हुकूम देणारा येणार, दुसऱ्यातून हुकूम पाळणारा. पुढे साहेब गेले. १९६६ साली भारतीय वन सेवा नव्याने उभी राहिली, पण दारे दोनच राहिली. उलट आता ती दोनाची चार झाली आहेत. महाराष्ट्रात वनरक्षकाची भरती वेगळी, वनक्षेत्रपालाची लोकसेवा आयोगामार्फत वेगळी, सहायक वनसंरक्षकाची त्याच आयोगामार्फत आणखी वेगळी, आणि भारतीय वन सेवेची दिल्लीहून. प्रत्येक मजल्याला बाहेरून शिडी लावलेली आहे. आतला जिना तेवढा अरुंद ठेवला आहे.

नियमांत पदोन्नती नाही असे नाही. भारतीय वन सेवेच्या वरिष्ठ पदांपैकी एक-तृतीयांशापर्यंत जागा राज्य वनसेवेतून बढतीने भरता येतात, आणि त्यासाठी राज्य वनसेवेत आठ वर्षे झालेली असावी लागतात. पुरवणीवाले हेच कलम दाखवून म्हणतील, पहा, दार उघडे आहे. पण राज्य वनसेवा म्हणजे सहायक वनसंरक्षक. वनरक्षकाने तेथपर्यंत जायचे कसे? आपण हिशेब मांडू. हा हिशेब आमचा आहे, सरकारी नव्हे. मुलगा बाविसाव्या वर्षी वनरक्षक झाला. एकेका पायरीला बारा वर्षे धरा. ज्याला त्याहून लवकर मिळते त्याने नशीब समजावे. चौतिसाव्या वर्षी वनपाल, सेहेचाळिसाव्या वर्षी वनक्षेत्रपाल, आणि सहायक वनसंरक्षकाचा हुकूम हातात पडतो तो अठ्ठावन्नाव्या वर्षी. महाराष्ट्र शासनात त्याच वर्षी हार-नारळ आणि निरोप समारंभ. पुढची आठ वर्षे त्याने कोठून आणायची?

आम्ही मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, पण इतकी बेरीज आम्हाला येते. ज्यांना येत नाही ते नेतृत्वावर व्याख्याने देतात.

या प्रश्नाचे लहानसे, आणि लहान म्हणूनच स्वच्छ दिसणारे चित्र पाहायचे तर चंदिगढला पाहावे. संघटनेच्या कामासाठी तिकडे जाणे झाले की आपले लोक सुखना तलाव पाहतात, फोटो काढतात आणि परततात. तो तलाव १९५८ साली एका पावसाळी ओढ्याला बांध घालून केलेला आहे. वरचा शिवालिकचा डोंगर भुसभुशीत, त्यामुळे पावसाळ्यात माती खाली येते आणि तलाव गाळाने भरत जातो. ही माती अडवायची म्हणून वरच्या पाणलोटात झाडे लावली, ओघळींवर बांध घातले. ज्या उघड्या टेकड्यांकडे कोणी पाहत नव्हते तेथे रान उभे राहिले, आणि मार्च १९९८ मध्ये सुमारे २६ चौरस किलोमीटर क्षेत्र सुखना वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज तेथे सांबर आहे, मोर आहे, बिबट्याही आहे. शहरातल्या लोकांना वाटते की हे सर्व नगररचनाकाराच्या नकाशातून उतरले. नकाशातून बांध उतरत नाही. तो मजुराच्या घमेल्यातून आणि त्याच्यावर उन्हात उभ्या राहिलेल्या वनरक्षकाच्या पायातून उतरतो.

मार्च २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने या तलावाला जिवंत व्यक्तीसारखे कायदेशीर अस्तित्व असल्याचे जाहीर केले. त्या निकालामागची काळजी आम्हाला पटते. पण आमच्या मनात येते ते असे : तलावाला व्यक्ती मानायला न्यायालय मिळाले, तलावाच्या वरच्या रानात रात्री फिरणाऱ्या व्यक्तीला व्यक्ती मानणारे कोण मिळणार?

आता या शहरातल्या वनखात्याचा जिना पाहा. संपूर्ण चंदिगढ ११४ चौरस किलोमीटरचे. आपले एकटे ताडोबा राष्ट्रीय उद्यान ११६ चौरस किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे ज्याला आपण एक उद्यान म्हणतो तेवढ्यात तिकडे सबंध केंद्रशासित प्रदेश बसतो. एवढ्याशा प्रदेशात वनखाते लहान, त्यात वरच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि सर्वांत वरच्या खुर्चीवर भारतीय वन सेवेतला अधिकारी. तो बाहेरून येतो, काही वर्षे बसतो आणि दुसरीकडे जातो. त्या माणसाशी आमचे भांडण नाही. तो चांगलाही असेल. पण ज्या वनरक्षकाने ओघळ कोठे फुटते हे वीस पावसाळे पाहिले, तो दर नव्या साहेबाला तीच ओघळ दाखवीत राहतो आणि स्वतः मात्र ओघळीशीच निवृत्त होतो. ज्ञान खाली आणि अधिकार वर.

चंदिगढच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय सेवाशर्ती लागू झाल्या. निवृत्तीचे वय ५८ चे ६० झाले. कामगाराला दोन वर्षांचा पगार अधिक मिळाला, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु जेथे वरच्या जागा वाढत नाहीत तेथे वरचा माणूस दोन वर्षे उशिरा उठतो आणि खालची सारी रांग दोन वर्षे जागच्या जागी उभी राहते, हेही तितकेच खरे. म्हणून वय वाढवताना पदेही वाढवा, हे सांगावेच लागते. आपल्या रेल्वेतही, टपालातही हा अनुभव नवा नाही. टपालात १९८३ साली सोळा वर्षांची कालबद्ध पदोन्नती आली, १९९१ साली सव्वीस वर्षांची दुसरी आली, आणि २००८ पासून सर्व केंद्रीय कर्मचाऱ्यांना दहा-वीस-तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजना लागू झाली. या योजनांनी घर चालवायला मदत केली हे कोण नाकारील? पण त्या पगार देतात, खुर्ची देत नाहीत. तीस वर्षांनी पगारपत्रकावरचा आकडा वाढतो, सहीचा अधिकार तेथेच राहतो.

अधिकारीवर्गाचे उत्तर ठरलेले आहे. वनव्यवस्थापन हे शास्त्र आहे, त्याला विज्ञानाची पदवी लागते, परीक्षा सर्वांना खुली आहे, वनरक्षकानेही द्यावी. यातला शास्त्राचा मुद्दा आम्ही मानतो. बाकीचा मुद्दा म्हणजे दगडाला सांगणे की पोहून ये. ज्याला बीट सोडता येत नाही, ज्याच्या चौकीवर धड दिवा नाही, वणव्याच्या दिवसांत ज्याला सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याने दिल्ली-पुण्याच्या शिकवणी वर्गांतल्या मुलांशी एकाच ओळीत उभे राहून शर्यत धावायची, आणि हरला की म्हणायचे त्याच्यात नेतृत्वगुण नव्हते!

नेतृत्वगुण म्हणजे तरी काय? वणवा लागला की गावातली पन्नास माणसे अर्ध्या तासात गोळा करून जाळरेषेवर उभी करणे. वाघाने गाय मारली की चवताळलेल्या गावासमोर एकट्याने उभे राहून पंचनामा करणे. लाकूडचोराचा ट्रॅक्टर पकडला की पुढाऱ्याचा फोन येतो, तो ऐकूनही गुन्हा नोंदवणे, आणि वर्षभराने न्यायालयात तो टिकवणे. मजुरांची हजेरी, रोपवाटिकेचा हिशेब, नुकसानभरपाईची प्रकरणे, समितीच्या बैठका. परिक्षेत्र अधिकारी हे रोज करतो. तो नेता आहेच. आज त्याला जे मिळते ते जोखमीचे नेतृत्व आहे, अधिकाराचे नव्हे.

जोखीम किती, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा शोधणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. त्याच वर्षी, २५ मार्चला, मेळघाटात हरिसालच्या परिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार होती. प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेले. कोणाचा दोष किती हे ठरविणे न्यायालयाचे काम. आम्हाला एवढेच दिसते की वाघाला न भिणारी बाई साहेबाच्या कार्यालयात एकटी पडली. वर जाण्याची वाट बंद, गोपनीय अहवाल एकाच्या हातात, आणि तक्रार ऐकणारा त्याच वरच्या सेवेतला. या व्यवस्थेत खालचा अधिकारी गुदमरेल नाही तर काय होईल?

आणि जगात सर्वत्र असेच चालते असे कोणी सांगू नये. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांची सेवा १९१६ साली स्थापन झाली. रॉबर्ट स्टँटन हा कृष्णवर्णीय तरुण १९६२ च्या उन्हाळ्यात ग्रँड टेटन उद्यानात हंगामी रेंजर म्हणून लागला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सीझनल. १९९७ साली तोच माणूस त्या सबंध सेवेचा संचालक झाला आणि २००१ पर्यंत राहिला. त्याच्यानंतरचा एक संचालक जोनाथन जार्विस, २००९ ते २०१७, हाही १९७६ साली अगदी खालून लागलेला. उद्यानाचा रेंजर, मग उद्यानाचा प्रमुख, मग विभाग, मग मुख्यालय असा एक सलग जिना तेथे आहे. अमेरिका म्हणजे स्वर्ग असे आमचे मुळीच म्हणणे नाही. याच सेवेतल्या सुमारे एक हजार नव्या कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये एका फटक्यात घरी बसवले गेले आणि त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तरीही हंगामी रेंजर संचालक होऊ शकतो हे तेथे घडले आहे. आपल्याकडे हंगामी वनमजूर कायम झाला तरी पेढे वाटतात.

मग करायचे काय? नुसत्या सेवाज्येष्ठतेने सर्वांना वर ढकला, असे आम्ही म्हणणार नाही. काही साथींना हे आवडणार नाही. पण ज्याला प्रकरण लिहिता येत नाही तो परिक्षेत्र अधिकारी न्यायालयात खटला हरतो आणि चोर सुटतो. परीक्षा हवी, पण ती आतली हवी. रेल्वेत गट ब च्या जागांपैकी ७० टक्के निवडीने आणि ३० टक्के मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरल्या जातात, गट अ च्या कनिष्ठ श्रेणीत बढतीचा कोटा आहे. त्यात खोट नाही असे नाही, पण आमचा खलाशी म्हणून लागलेला माणूस अधिकारी झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. वनखात्यात प्रत्येक पायरीवर अशी विभागीय परीक्षा ठेवा, दर वर्षी न चुकता घ्या. वनरक्षकाला भरपगारी अध्ययन रजा द्या आणि नोकरीत राहून वनशास्त्राची पदवी घेण्याची सोय करा. राज्य वनसेवेत खालून आलेल्यांचा वाटा कायद्याने पक्का करा. चंदिगढसारख्या लहान प्रदेशात जागाच नसतील तर तेथील रेंजरला इतर केंद्रशासित प्रदेशांत बढतीवर जाण्याचा मार्ग द्या. आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीवर कर्मचाऱ्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी बसवा.

शाखा सचिवांना विनंती की पुढील सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. ज्या सभासदांची मुले-मुली वनखात्यात आहेत त्यांनी त्यांच्या नेमणुकीची तारीख, प्रत्येक बढतीची तारीख आणि सध्याचे पद एवढी तीन गोष्टींची चिठ्ठी शाखेकडे द्यावी. वनरक्षक म्हणून लागून सहायक वनसंरक्षकाच्या खुर्चीवर निदान पाच वर्षे बसलेला कोणी तुमच्या माहितीत असेल, तर त्याची नोंद वेगळ्या कागदावर करून सर्वांआधी पाठवावी.