टक्के किती विचारता, कशावर तेही विचारा

आपल्या बाजारात टक्क्यांचा हिशेब सगळेच करतात. किती टक्के नफा, किती टक्के वटाव, किती टक्क्यांनी कर्ज. पण टक्का कशावर आणि किती मुदतीसाठी, हे फार थोडे जण विचारतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक याला 'फीसद' म्हणतो. फी म्हणजे दर, सद म्हणजे शंभर. मराठीतला शेकडा तोच. शंभर शब्दातच आहे, पण कशाचे शंभर ते शब्द सांगत नाही, आणि नुकसान तिथेच होते.

ईदच्या सेलचेच घ्या. किरकोळ दुकानदार 400 रुपयांच्या ड्रेस पीसवर 25 टक्के चढवून 500 भाव ठेवतो. मग पाटी लावतो, 20 टक्के सूट. त्याला वाटते, 25 मधून 20 गेले, 5 तर उरले. प्रत्यक्षात 500 वर 20 टक्के म्हणजे 100 रुपये. माल 400 लाच गेला. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, वीजबिल खिशातून. खरेदीवर धरलेला 25 टक्के नफा विक्रीवर 20 टक्केच असतो. गल्ला भरला म्हणून सीझन चांगला गेला असे समजणारे दुकानदार कमी नाहीत. गल्ला ही उलाढाल आहे, नफा नव्हे.

वटावात मुदतीचा प्रश्न येतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकाला व्यापारी म्हणतो, साठ दिवसांनी पूर्ण रक्कम घ्या, नाहीतर आज तीन टक्के कापून घ्या. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण एक लाखाच्या बिलात तीन हजार सोडायचे, ते फक्त दोन महिने आधी पैसे मिळावेत म्हणून. वर्षाच्या हिशेबाने हा दर साडेअठरा टक्क्यांच्या पुढे जातो. मी स्वतः कापडाचा व्यापारी आहे, हे बोलणे माझ्या फायद्याचे नाही. तरी सांगतो, सुताची आणि मजुरीची अगदीच नड नसेल तर कारखानदाराने हा सौदा घेऊ नये.

सर्वांत महाग पडतो तो 'फ्लॅट' दर. टेम्पोसाठी एक लाख रुपये, 12 टक्के फ्लॅट, दोन वर्षे. व्याज 24 हजार. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेले असते. तेच 12 टक्के घटत्या शिलकेवर लावले तर व्याज सुमारे 13 हजार होते. म्हणजे तो फ्लॅट दर खरा साडेएकवीस टक्क्यांचा आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे सक्तीचे केले आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्यावा.

जे बांधव सूद नको म्हणून दुकानदाराकडूनच हप्त्याने शिलाई मशीन घेतात, त्यांनी रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव दोन्ही विचारावेत. हप्त्याचा ठरलेला एकूण भाव पावतीवर लिहून देण्यास जो दुकानदार टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मशीन घेऊ नये.