तेरच्या विटा

सुट्टी लागली की पोरांना मामाचं गाव आठवतं. मागे एका सुट्टीत मात्र आम्ही धाराशिवहून एस. टी. धरली आणि मातोश्रींसह सगळे तेरला उतरलो. गोरोबाकाकांचं गाव म्हणून तेर सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला पाहायचं होतं ते तिथलं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय.

लामतुरे हे तेरचेच. गावच्या पांढरीत पावसानंतर उघडे पडणारे मणी, नाणी, भाजल्या मातीच्या बाहुल्या त्यांनी आयुष्यभर जमवल्या. शहाणी माणसं ज्याला खापर म्हणून लाथाडतात, ते त्यांनी जपलं!

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर सांगितलं आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई, तिथून जहाजात. इथं सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखी एक बाहुली 1938 साली इटलीतल्या पाँपेई शहरात निघाली. ते शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. धाकटीनं विचारलं, "बाबा, हे कापड विणणाऱ्यांची नावं कुठं लिहिलीत?" आम्हांला उत्तर देता आलं नाही. नाणी राजांच्या नावाची असतात.

नंतर त्रिविक्रम मंदिराकडे गेलो. आत विष्णूची पूजा चालते. मागची भिंत अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. मातोश्रींनी एकदाच कार्ले पाहिलं आहे, पण त्या लगेच म्हणाल्या, "आरं, हे तर लेण्यावानी हाय." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यानं विसाव्या शतकाच्या आरंभी हेच लिहून ठेवलं: ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले आहेत. पूजा करणाऱ्यांशी आमचं भांडण नाही. पण एवढी गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला शाळेतच कळायला हवी की नको? आम्हांला ती चाळिशीत कळली.

तेरच्या जुन्या विटा फार हलक्या, काही तर पाण्यावर तरंगतात असं सांगतात. मातोश्रींनी उमेदीची वर्षं वीटभट्टीवर काढली. सगळे पुढे गेले तरी त्या भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "चांगली भाजलीया."