मोबाईलला पिशवी, हाताला काय?



राबातली रोपं वीतभर झाली. पाऊस असाच राहिला तर येत्या आठवड्यात आवणी लागेल. राई-मुर्धे-मोर्व्याच्या पट्ट्यात आता खाचरं उरलीत ती किती, पण जी आहेत तिथे बायाच वाकणार. म्हणून आधीच लिहितो. थोडं रागाने लिहितोय. कोणाला लागलं तर लागू दे.

काल नाक्यावर म्हटलं, यंदा आवणीच्या बायांना चांगले रबरी हातमोजे घेणार. एक जण हसला, "दादा, शेती करताय की ऑपरेशन?" दुसरा म्हणाला, "आपल्या आईने जन्मभर आवणी केली, तिने घातले होते का कधी मोजे?"

नव्हते घातले. पण माझ्या आईचा श्रावणातला हात मला आठवतो. नखांच्या कडा कुजलेल्या, बोटांच्या बेचक्यात चिरा. रात्री खोबरेल लावून झोपायची आणि सकाळी पिठात मीठ टाकलं की कळवळायची. तिला त्रास नव्हता असं नाही. आपण कधी विचारलं नाही, एवढंच.

आता माझी चूक सांगतो. दोन पावसाळ्यांमागे मी मोजे आणले होते. हार्डवेअरच्या दुकानातून, गवंडीकामाचे. सुती मोजा आणि फक्त तळवा रबरात बुडवलेला. स्वस्त होते, डझनभर घेतले आणि वाटलं आपण मोठं काम केलं. आमच्याकडे पंधरा वर्षं येणाऱ्या एका मावशीच्या बोटाला विळा लागला होता. तिने चिंधी बांधली, वर माझा मोजा चढवला आणि तीन दिवस आवणी केली. त्या मोज्याच्या पाठीतून पाणी सरळ आत जातं. म्हणजे उघडी जखम दिवसभर चिखलाच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आठवड्याने ताप, डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देईनात. आम्ही अंगदुखी समजून दोन दिवस गोळ्यांवर काढले. रक्त तपासलं तर लेप्टो. मावशी वाचली, पण सगळा हंगाम गेला. जंतू नेमका त्या बोटातून गेला की पायातून, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण मोजा दिला म्हणून मी निर्धास्त होतो, ही चूक माझीच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, तेव्हा शहराला हा शब्द कळला. उंदराच्या, गुराच्या मुतातला जंतू पाण्यात येतो आणि जखमेतून किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शिरतो. तेव्हापासून दर पावसाळ्यात शहरवाल्यांना सांगतात, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, उतरलात तर डॉक्टरला दाखवा. ते दहा मिनिटांच्या पाण्याबद्दल. आमची बाई आठ तास त्यात हात घालून असते, तिला कोण सांगतो?

फवारणीसाठी तरी कायदा आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय, मोजे पातळ पदार्थ आत न जाऊ देणारे आणि निम्म्या कोपरापर्यंत पोचणारे हवेत. म्हणजे मोजा कसा असावा हे सरकारला पन्नास वर्षांपूर्वी कळलेलं. मग चिखलात वाकणाऱ्या हाताला वाटेल तो मोजा का?

म्हणून घेताना हे बघा.

पहिलं, मोजा सगळीकडून बंद हवा. नुसता तळवा रबरी असेल तर तो विटा उचलायला ठेवा.

दुसरं, लांबी. आवणीत हात मनगटाच्या वर बुडतो. आखूड मोज्यात वरून पाणी शिरतं आणि तिथेच साठतं. तो मोजा नसल्यापेक्षा वाईट.

तिसरं, माप. अंगठा सोडून तळव्याभोवती टेप फिरवा. सात इंच भरलं तर सात नंबरच्या आसपासचा मोजा. पुरुषी मापाचा ढगळ मोजा बाईला दिला की दोन-तीन काड्या वेगळ्या होत नाहीत, मग ती तो बांधावर फेकते आणि आपण म्हणतो, "यांना सवयच नाही." सवय कशाची? माप चुकलं ते आपलं.

चौथं, आतलं अस्तर चिकटवलेलं नको. बाहेर रबर किंवा नायट्राईल, आत वेगळा पातळ सुती मोजा. रबराच्या आत घाम येतोच. जेवणाच्या सुट्टीत आतला बदलायचा, म्हणून प्रत्येकीला आतले दोन जोड. चिकटवलेलं अस्तर पावसाळ्यात वाळता वाळत नाही.

रोज घालण्याआधी तोंड पिळून हवा कोंडा आणि दाबा. फुस्स झाला की बाद. संध्याकाळी धुऊन, उलटा करून सावलीत वाळवा, उन्हात रबर तडकतं. फवारणीचा जोड वेगळा, तो आवणीत आणायचा नाही.

थंडीतही हिशोब तोच. उत्तनला पहाटे बर्फातली मासळी निवडणाऱ्या कोळणींच्या हाताला विचारा. सुती मोजा ओला झाला की बोटं जास्त गारठतात. आत कोरडं ऊबदार, बाहेर पाणी अडवणारं, आणि घट्ट नको. आवळलं की बोटात रक्त फिरत नाही, मग कितीही जाड असो.

काही जण म्हणतील, मोज्याने हाताचा वेग कमी होतो. होतो. पहिले दोन दिवस होतोच. मावशी गेली त्या हंगामात माझा वेग किती कमी झाला ते मी मोजलंय.

आपल्या मीरा रोडची पोरं पावसात दुचाकीवरून माळशेजला जातात, हातात वॉटरप्रूफ मोजे असतात. त्यांना कोणी नाजूक म्हणत नाही. टिलरच्या ऑईलमध्ये पाणी गेलं तर आपण धावत मेकॅनिक आणतो. खिशातल्या मोबाईलला पहिल्या सरीआधी प्लास्टिकची पिशवी घालतो. आणि ज्या हातांवर अख्खं खाचर उभं राहतं, त्यांना म्हणतो, घरून फडकं आणा.

मोजे मालकाने घ्यायचे, मजुरीतून कापायचे नाहीत. आणि जखम असेल तर कितीही चांगला मोजा असू दे, त्या बाईला चिखलात उतरवायचं नाही. तिला बांधावर मुठी बांधायला बसवा, मजुरी पूर्ण द्या. नंतर ताप आला तर गोळीवर काढू नका, डॉक्टरला आधीच सांगा की आवणीत होतो.

मावशी यंदा येतेय. तिचं माप मी काल घेतलं. साडेसहा.